गेमिंग पीसी जोडायचाय? आधी दुकानाचं कोटेशन वाचायला शिका

मागच्या महिन्यात भाच्याने अकोल्याहून एका कोटेशनचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, बाबांनी एक लाख दहा सांगितलेत पण हा दुकानवाला पंचेचाळीसमध्येच सगळं देतोय, घेऊन टाकू का?" फोटोत सहा ओळी होत्या. आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५१२ एसएसडी, आरजीबी कॅबिनेट विथ एसएमपीएस, २२ इंची एलईडी. सहाच्या सहा ओळी वाचल्या आणि एकाही वस्तूचं पूर्ण नाव सापडलं नाही. मी त्याला म्हटलं, आत्ता परत दुकानात जा आणि प्रत्येक ओळीपुढे पूर्ण मॉडेल नंबर लिहून आण.

तो गेला आणि लिहून आणलं. आय सेव्हन म्हणजे आय सेव्हन २६००, म्हणजे २०११ सालचा प्रोसेसर, चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरची अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून सुरू होते, हा दुसऱ्या जनरेशनचा, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे घरी आणल्या दिवसापासूनच ते मशीन अडकलेलं. भाच्याला व्हॅलोरंट खेळायचंय, ते विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतं, तेही या जुन्या बोर्डावर नाही. आणि ४ जीबी ग्राफिक कार्ड म्हणजे जीटी ७३०, डीडीआर३ वालं, ६४ बिटचं, म्हणजे मेमरी जुनी आणि तिची वाट अरुंद. त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला १४.४ जीबी, आणि आरटीएक्स ४०६० सारख्या मधल्या गटातल्या कार्डचा २७२ जीबी. दोन्हीवर "जीबी" लिहिलेलं असतं म्हणून पोरं फसतात. कार्डवर मेमरी किती आहे ही एक गोष्ट, आणि ती मेमरी वापरायला चिप किती दमाची आहे ही वेगळी गोष्ट.

तर पहिला नियम हाच, बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी हा ठेवा. ज्या वस्तूचं कंपनी, मॉडेल आणि व्हेरियंट असं पूर्ण नाव कोटेशनवर लिहिलेलं नाही ती वस्तू घ्यायची नाही. दुकानवाला म्हणेल "अरे चांगल्या कंपनीचं आहे, टेन्शन नको घेऊ", तरी लिहून घ्या. पूर्ण नाव हातात आलं की यूट्यूबवर पाच मिनिटांत त्याचा टेस्ट बघता येतो, तुम्ही जो गेम खेळता नेमका त्याच गेममधला.

आता पार्ट निवडायचा क्रम. बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरू करतात, मी मॉनिटरपासून करतो, कारण बाकी सगळी मशीन त्या स्क्रीनवर चित्र काढण्यासाठीच राबणार असते. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर जवळपास ३७ लाख, आणि फोरकेवर ८३ लाखांच्या आसपास. म्हणजे फुल एचडीवरून १४४० वर गेलात की कार्डचं काम पावणेदोन पटीच्या पुढे जातं आणि फोरकेला चौपट. म्हणून आधी ठरवा की तुम्ही कशावर बघणार. व्हॅलोरंट, सीएस २ असले वेगवान गोळीबाराचे गेम जास्त खेळत असाल तर २४ इंची फुल एचडी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याच्या वरचा आयपीएस पॅनलचा मॉनिटर मस्त. कथा असलेले मोठे गेम, ओपन वर्ल्ड, रेसिंग असं आवडत असेल आणि पैसे असतील तर २७ इंची १४४०. २७ इंचावर फुल एचडी घेऊ नका, अक्षरं फाटल्यासारखी दिसतात आणि पोरगं त्याच स्क्रीनवर अभ्यासही करणार असतं. फोरकेच्या नादी एवढ्या बजेटमध्ये अजिबात लागू नका.

६० हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद स्क्रीनवर राहते, १४४ वर ६.९. हा फरक डोळ्याला दिसतो आणि माउस धरलेल्या हाताला तर लगेच कळतो. पण मॉनिटर आणून लावला की विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगच्या आत जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढवावा लागतो, कित्येक जण १४४ चा मॉनिटर दोन दोन वर्षं ६० वर चालवत बसलेले मी बघितलेत. आणि केबल ग्राफिक कार्डच्या पोर्टला लावायची, मदरबोर्डच्या नाही, शक्यतो डिस्प्लेपोर्टची.

मॉनिटर ठरला की ग्राफिक कार्ड. टॉवरच्या, म्हणजे मॉनिटर सोडून बाकी मशीनच्या, खर्चातला सगळ्यात मोठा वाटा इथे जाऊ द्या, मी साधारण ३५ ते ४० टक्के धरतो. भाच्यासाठी मी तीन नावं काढली होती, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी आणि इंटेलचं आर्क बी५८० जे १२ जीबी आहे. पहिल्या दोन कार्डांचे ८ जीबीवाले जुळे भाऊ पण बाजारात आहेत, नाव सेम, डबा जवळपास सेम, आणि दुकानवाला भाव सांगताना ८ वाल्याचा सांगतो, म्हणून व्हेरियंट लिहून घ्या म्हणतोय. ८ जीबी आज फुल एचडीवर बऱ्याच गेमला पुरतं, पण नवीन गेममध्ये टेक्स्चर वाढवलं की मेमरी भरते आणि मग गेम हळू नाही होत, झटके खातो, मधेच थांबतो, मधेच भिंती चिखलासारख्या दिसतात, ते जास्त त्रासदायक. चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १२ किंवा १६ घ्या. फक्त व्हॅलोरंट आणि सीएसच खेळणार असाल तर मात्र ८ जीबीवाल्यावर खुशाल थांबा, उरलेले पैसे मॉनिटरमध्ये घाला.

एनव्हिडिया की एएमडी यावर पोरं रात्र रात्र भांडतात. माझं मत सरळ आहे. नुसते गेम खेळायचे असतील तर त्याच पैशात जास्त फ्रेम आणि जास्त मेमरी कोण देतंय ते बघा, आजकाल बऱ्याचदा ते उत्तर एएमडी येतं. पण पोरगं इंजिनिअरिंगला असेल, ब्लेंडर, व्हिडिओ रेंडर, मशीन लर्निंग असं काही करणार असेल तर एनव्हिडिया घ्या, कारण त्यातली बरीच सॉफ्टवेअर कूडा या एनव्हिडियाच्याच प्रणालीवर चालतात आणि तिथे दुसऱ्या कार्डावर अर्धा वेळ सेटिंगमध्ये जातो. इंटेलचं आर्क पैशाच्या मानाने छान आहे पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेला बोर्ड लागतोच, जुन्या मशीनमध्ये टाकायला ते घेऊ नका. तसंच ५०६० टीआय बोर्डाच्या आठच लेनवर (डेटा जायच्या वाटांवर) चालतं, त्यामुळे पीसीआयई ३ वाल्या, म्हणजे हळू वाटांच्या, जुन्या बोर्डावर ८ जीबीवाल्याची मेमरी भरली की जास्तच मार बसतो.

प्रोसेसरबद्दल घरच्यांच्या डोक्यात आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन अशी उतरंड पक्की बसलेली असते. तिच्यापेक्षा जनरेशन महत्त्वाचं. २०२२ चा आय फाइव्ह १२४०० त्या २०११ च्या आय सेव्हनला कुठच्या कुठे मागे टाकतो. गेमिंगसाठी सहा कोर बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आज पुरेसे आहेत. एएमडीचा रायझन ५ ७६०० घ्या किंवा बजेट आवळलेलं असेल तर रायझन ५ ५६०० नाहीतर आय फाइव्ह १२४००एफ. नावापुढे एफ असेल तर प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची चिप नसते, म्हणजे उद्या कार्ड वॉरंटीला गेलं की स्क्रीन काळी. रायझन ५६०० मध्येही ती नाही, ७६०० मध्ये छोटी का होईना आहे, महिनाभर कॉलेजचं काम भागतं.

७६०० कडे माझा कल जास्त आहे तो सॉकेटमुळे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेमुळे. एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ ला आला आणि २०२४ मध्येही त्यावर नवे प्रोसेसर निघत होते, ज्यांनी २०१७ ला बोर्ड घेतले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून पाच वर्षांनी त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसवला. एएम५ सप्टेंबर २०२२ ला आला आणि २०२७ पर्यंत तरी तो चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय. इंटेलच्या १२, १३, १४ जनरेशनचा सॉकेट मात्र संपला, त्यावर घेतलं तर पुढे बोर्डासकट बदलायचं हे मनात धरून घ्या. आणि सेकंड हँडमध्ये कुणी इंटेलचा १३ किंवा १४ जनरेशनचा वरचा आय सेव्हन, आय नाइन स्वस्तात देत असेल तर जपून. त्या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होत होते, इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने नवा प्रोसेसर वाचतो, आधीच खराब झालेला दुरुस्त होत नाही.

प्रोसेसर बॉक्सवालाच मागा. दुकानात ट्रे वाला म्हणून एक मिळतो, नुसता प्लास्टिकच्या खोक्यात, थोडा स्वस्त, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी नसते, दुकानवाला जे एक वर्ष तोंडी देतो तेवढंच.

मदरबोर्डमध्ये पैसे घालवायची गरज नाही आणि अगदी तळातला घ्यायचीही नाही. महागडा बोर्ड आणि त्यावर किरकोळ कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ७६०० साठी साधा बी६५० पुरे. बघायचं काय, तर रॅमचे स्लॉट, एसएसडी बसवायचे एम.२ चे दोन स्लॉट, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचा हीटसिंक, मागे पुरेसे यूएसबी, आणि राउटर दुसऱ्या खोलीत असेल तर वायफाय आतच असलेला. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर फारच चांगलं, प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट होतो. रायझन ९००० मालिका घेत असाल आणि बी६५० चा जुना साठा असेल तर दुकानातूनच अपडेट करून मागा. एक्स९९ नावाचे चायनीज बोर्ड आणि जुने झिऑन (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) असा स्वस्त सेट ऑनलाइन दिसतो, कोर भरपूर दिसतात, पण गेमला एकेक कोर वेगवान लागतो, आणि बोर्ड गेला तर विचारायला कुणी नाही.

रॅमचं सध्या अवघड आहे. २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव असे चढले की एकाच महिन्यात दोन कोटेशन मागितली तर दोन वेगळे आकडे येतात. म्हणून रॅमचा भाव घ्यायच्या दिवशीच पक्का करा, आठवडाभर आधीच्या कोटेशनवर विसंबू नका. १६ जीबी हे गेमिंगसाठी आजचं किमान, ३२ आरामात. एक १६ ची काडी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, दोन चॅनलवर मेमरीचा वेग दुप्पट मिळतो आणि प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये तो फरक दिसतो. दोन काड्या चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. रायझन ७००० ला डीडीआर५ ६००० चा वेग छान जमतो, पण तो आपोआप मिळत नाही, बायोसमध्ये एक्स्पो नावाचं सेटिंग चालू करावं लागतं, इंटेलवर त्याला एक्सएमपी म्हणतात. बजेट खरंच बसत नसेल तर ५६०० आणि डीडीआर४ चा जुना सेट धरा, आणि डीडीआर४ रॅम सेकंड हँड घेतली तरी मला चालते, रॅम सहसा खराब होत नाही आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून खात्री करता येते.

एसएसडी, म्हणजे गेम आणि विंडोज साठवायची जागा, १ टीबीची घ्या, एनव्हीएमई (वेगवान जोडणीची), जेन ४ (चौथ्या पिढीची). एकेक गेम १०० जीबीच्या पुढे जातो, ५१२ मध्ये तीन गेम आणि विंडोज झालं की संपलं. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, जेन ३ ची एनव्हीएमई ३५०० पर्यंत, जेन ४ ची ७००० पर्यंत, पण गेम उघडायला जेन ३ आणि जेन ४ मध्ये फार फरक जाणवत नाही, म्हणून जेन ५ साठी पैसे नका घालू. एम.२ आकाराची पण आतून साटा असलेली एसएसडीही मिळते, दिसायला सारखीच, तेवढं विचारा. एसएसडीतल्या चिपच्या प्रकारांत क्यूएलसीपेक्षा टीएलसी बरी.

आता एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पार्टना लागेल तशी करून देणारा डबा. इथे मी थांबणार आहे थोडा, कारण सगळ्या कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कात्री इथेच लागते, पोरं म्हणतात यातून काय एफपीएस (सेकंदाला फ्रेम) वाढणारे.

२०१९ ला मी पहिला पीसी जोडला तेव्हा कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस तसाच ठेवला होता. वर ४५० वॅटचं स्टिकर. मे महिना, दुपारची लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा आतून टप्प असा आवाज आणि जळका वास. एसएमपीएस एकटा गेला नाही, मदरबोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. त्या हार्डडिस्कमध्ये आईच्या साठीचे फोटो होते, त्यातले निम्म्याहून जास्त परत मिळाले नाहीत. दुकानवाल्याने कॅबिनेटला वॉरंटी नसते एवढंच सांगितलं. तेव्हापासून मी कुणाचाही पीसी जोडताना या पार्टला कात्री लावू देत नाही.

स्टिकरवरचा मोठा आकडा बघू नका, खाली जो तक्ता असतो त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर जगतात. तिथे २५ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅटच खरे कामाचे, वर ४५० लिहा नाहीतर ६०० लिहा. चांगल्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टचे वॅट एकूण वॅटच्या जवळपास असतात. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट ओढतो, ५०६० टीआय १८० च्या आसपास, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून अजून पन्नास-साठ धरा, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. कार्ड मधूनच काही मिलिसेकंदासाठी याच्या बरंच वर उसळी मारतं, म्हणून चांगल्या कंपनीचा ६५० घ्या, पुढे कार्ड बदललं तरी चालेल. ८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड हे वीज किती वाया जाते त्याचं माप आहे, आतले पार्ट किती दणकट त्याचं नाही. त्यापेक्षा कंपनी वॉरंटी किती देते ते बघा, पाच वर्षांच्या खाली नको, आणि त्या मॉडेलचा कुणी उघडून केलेला टेस्ट आहे का ते शोधा.

आणि मॉड्युलर (केबल काढता-घालता येणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. कार्डच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या वेगळ्या. बसते छान आणि पहिल्या सेकंदात एसएसडी जळते.

याच्यासोबत घरची वीज. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर दोष पीसीचा नाही, अर्थिंग नाहीये. एसएमपीएसमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडी वीज अर्थिंगकडे सोडत असतात, तिला वाट नसली की ती पत्र्यावर बसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला पाहिजे. आमच्याकडे जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी टाकत राहावं लागतं. पीसी घ्यायच्या आधी हे काम करून घ्या.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यात गफलत होते. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. गेम चालू असताना लाइट गेली तर मॉनिटरसकट तेवढा लोड तो झेलेलच असं नाही, पीसी खटकन बंद होतो आणि वाटतं यूपीएस खराब निघाला. १००० किंवा ११०० व्हीए घ्या, त्यावर फक्त टॉवर आणि मॉनिटर, आणि तो गेम सेव्ह करून बंद करण्यापुरताच आहे हे पोराला सांगून ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर आजचे एसएमपीएस नीट चालत नाहीत.

कॅबिनेट समोरून जाळीची घ्या. पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेली दिसते भारी, पण पंख्याला हवा कुठून मिळणार. कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोली २५ ची असताना प्रोसेसर ७० वर असेल तर अकोल्याच्या मे महिन्यात ४२ च्या खोलीत तोच ८७ च्या घरात जातो. म्हणून पुण्या-बंगलोरच्या पोरांनी केलेले टेंपरेचरचे व्हिडिओ विदर्भात तसेच लागू पडत नाहीत, त्यात पंधरा मिळवून वाचा. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं पुरतं, आणि ७६०० सोबत डब्यात कूलर येतो, तो चालतो, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यासाठी मी टॉवरवाला साधा एअर कूलर लावतो, लिक्विड कूलिंगची गरज नाही. घरातल्या खसच्या कूलरच्या थेट झोतात मात्र पीसी ठेवू नका, ती हवा ओली असते, बारीक तुषार असतात आणि बोअरच्या पाण्याचे क्षार आत पार्टवर पांढरे होऊन बसतात. कोकणातल्यांनी पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी मशीन चालू ठेवावी, बंद पडून राहिली की ओल धरते. घ्यायच्या आधी कॅबिनेटमध्ये किती मिलिमीटर लांबीचं कार्ड आणि किती उंचीचा कूलर बसतो ते आकडे बघून घ्या, तीन पंख्यांची कार्डं भलती लांब असतात.

खरेदी कुठून. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात तर एका गल्लीत दहा कोटेशन मिळतात, नवीन पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय पण विचारताना लॅमिंग्टनच विचारा. ऑनलाइन आणि तिथला भाव दोन्ही काढा, आणि भाव जीएसटी धरून आहे का वेगळा ते आधीच विचारा, १८ टक्के शेवटी लागले की गणित कोलमडतं. बिलाशिवाय दोन हजार कमी असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, बिल नसेल तर वॉरंटीला उभं करत नाहीत. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. भारतात बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी आयात करणारा डिस्ट्रिब्युटर बघतो, त्यामुळे तुमच्या शहरात किंवा जवळ सर्व्हिस सेंटर आहे का ते घेण्याआधी शोधा. भाच्यासाठी दोन कार्डांत मी हजारभर महाग असलेलं घेतलं, कारण त्याचं सेंटर नागपूरला आहे आणि दुसऱ्याचं कुरिअरने मुंबईला पाठवावं लागलं असतं.

सेकंड हँड कार्ड घ्यायचं असेल तर समोर लावून अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्याचा आवाज ऐका, जीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं नाव आणि कोरची संख्या तपासा. आरएक्स ५८० च्या नावाने २०४८ कोरचं विकतात, खऱ्याला २३०४ असतात. एसएमपीएस आणि हार्डडिस्क सेकंड हँड कधीच नको.

भाच्याचं शेवटी जमलं ते असं. ७६००, साधा बी६५०, १६ जीबीच्या दोन काड्या परवडल्या नाहीत म्हणून ८ च्या दोन, १ टीबी एनव्हीएमई, इंजिनिअरिंगसाठी ५०६० टीआय १६ जीबी, ६५० चा एसएमपीएस, जाळीची कॅबिनेट, २४ इंची मॉनिटर. एक लाख दहामध्ये बसत नव्हतं, थोडं वर गेलं, ते मी घातले, आणि यूपीएस त्याने पुढच्या महिन्यात घेतला, तोपर्यंत आभाळ भरून आलं की प्लग काढून ठेवायचं कबूल करून घेतलं.

डबे उघडताना सील तोडण्यापासून एकच न कापलेला व्हिडिओ काढा, पिना वाकलेल्या निघाल्या तर तोच उपयोगी पडतो. एसएसडीच्या हीटसिंकखालच्या पॅडवरचं प्लास्टिक सोलून काढा, विसरतं. मशीन चालू झाली की पहिल्या सात दिवसांतच तिला भरपूर पळवा, कारण बदलून द्यायला दुकानवाले तेवढेच दिवस हसून तयार असतात. एक रात्र मेमटेस्ट, एक संध्याकाळ तीन-चार तास सलग जड गेम, आणि टेंपरेचर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या मे महिन्यात वाढलं तर धुळीने वाढलं की उन्हाने ते कळेल. सगळे डबे माळ्यावर ठेवा, आणि उरलेले स्क्रू, ब्रॅकेट आणि एसएमपीएसच्या न वापरलेल्या केबल एकाच पिशवीत घालून त्यावर एसएमपीएसचं मॉडेल नाव मार्करने लिहा.